दोन लाख बारा हजार किलोमीटर

अम्मीचं डायलिसिस सुरू झालं त्याला यंदाच्या जुलैत चौदा महिने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार. कोंढव्याहून लुल्लानगर चौक, गोळीबार मैदान आणि मग कॅम्प. अंतर सहा किलोमीटर. जाताना ती ठीक असते. चार तास मशीनवर राहून बाहेर येते तेव्हा चेहरा पांढराफटक पडलेला, डाव्या हाताला पट्टी बांधलेली, पाय लटपटणारे. अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहून रिक्षाला हात करायचा. एक म्हणतो, तिकडे नाही जायचं. दुसरा म्हणतो, मीटरवर नाही. तिसरा थांबतो, पण तोवर अम्मी फुटपाथच्या कठड्यावर बसलेली असते.

जूनमध्ये एका संध्याकाळी पाऊस आला. पस्तीस मिनिटं रिक्षा मिळाली नाही. त्या रात्री मी ठरवलं, गाडी घ्यायची.

माझ्याकडे साठलेले पैसे होते दोन लाख वीस हजार. आमच्या घरात व्याजाने कर्ज काढत नाहीत. अब्बांचा हा नियम आहे आणि आम्ही भावंडांनी तो कुरकुर करत का होईना, पाळला आहे. त्यामुळे शोरूमचा प्रश्न नव्हता. रोख पैशात येईल ती सेकंड हँड. आणि या पैशात जरा भक्कम गाडी बघायला गेलं की हटकून समोर येते ती दहा-तेरा वर्षं जुनी, भरपूर चाललेली डिझेल.

अब्बा खूश झाले. ते आयुष्यभर ड्रायव्हर. मार्केट यार्डातून भाजीपाला घेऊन बजाज टेम्पोची मॅटॅडोर त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. त्यांच्या लेखी पेट्रोल हे स्कूटरमध्ये घालायचं, गाडी म्हणजे डिझेलच. त्यात त्यांचा एकट्याचा दोष नाही, हे शहरच तसं आहे. खडकीत किर्लोस्कर ऑइल इंजिन्स १९४६ पासून आहे. कोथरूडला कमिन्सचा कारखाना साठच्या दशकात आला. आकुर्डीत बजाज टेम्पो, पिंपरीत टेल्को. १९९८ साली टाटांची इंडिका आली, तीही आपल्या पिंपरी-चिंचवडची, आणि मध्यमवर्गीय माणसाला पहिल्यांदा वाटलं की डिझेलची छोटी गाडी आपल्यालाही परवडेल. पुढे रांजणगावच्या फियाटच्या कारखान्यात १२४८ सीसीचं एक डिझेल इंजिन बनू लागलं. या जातीचं इंजिन इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं की गाड्यांचे शौकीन त्याला गमतीने ‘राष्ट्रीय इंजिन’ म्हणायचे. मी ज्या गाड्या पाहत होतो त्यातल्या बहुतेकांच्या बोनेटखाली तेच होतं. गाडीवरचं नाव कोणतंही असो.

या गाड्या आज इतक्या स्वस्त का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. मे २०१२ मध्ये पेट्रोलचा दर एका झटक्यात सात-साडेसात रुपयांनी वाढला. डिझेलवर मात्र सरकारी नियंत्रण होतं. दोन्ही इंधनांच्या दरात लिटरमागे तीस रुपयांहून जास्त फरक पडला. लोक डिझेल गाड्यांवर तुटून पडले, काही मॉडेलसाठी महिनोन्‌महिने थांबले. ज्यांचं महिन्याचं रनिंग तीनशे किलोमीटर होतं त्यांनीही डिझेल घेतली. मग ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले आणि फरक आटत गेला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्सचे नियम लागू झाले, तेव्हा छोट्या डिझेल इंजिनांना त्या नियमात बसवणं महाग पडू लागलं. हे रांजणगावचं इंजिनही तेव्हाच बंद झालं. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उचलून धरली, त्याचा धसका बाकी शहरांतल्या मालकांनीही घेतला. एकेकाळी रांगा लावून घेतलेली गाडी आता लोकांना दारातून घालवायची आहे.

म्हणजे आपल्याला स्वस्तात मिळते, ती दुसऱ्याने काढून टाकलेली भीती असते. ती भीती खरी की खोटी, एवढंच तपासायचं.

पहिली गाडी पाहिली ती एका दलालाच्या लॉटवर. २०१३ चं मॉडेल, पांढरी, आरशासारखी पॉलिश केलेली. मीटरवर अठ्ठावन्न हजार किलोमीटर. किंमत दोन लाख साठ हजार, ‘बसून बोलू’. मला ती आवडली. अब्बा आत बसले, स्टिअरिंगवर हात फिरवला, खाली वाकून पायाखालची पेडलं पाहिली आणि मला बोलावलं. क्लचच्या पेडलवरच्या रबराची नक्षी पार झिजून गुळगुळीत झाली होती. ड्रायव्हरच्या सीटची कड दबलेली. स्टिअरिंग जिथे हात धरतो तिथे चकचकीत. मग आमच्यासोबत आलेल्या उस्तादांनी बोनेट उघडलं. हे उस्ताद म्हणजे भवानी पेठेतले जुने मिस्त्री, अब्बांच्या मॅटॅडोरचं काम त्यांनीच वर्षानुवर्षं केलं. एअर फिल्टरच्या डब्याच्या आतल्या बाजूला कुठल्या तरी गॅरेजचं मळकं स्टिकर राहून गेलं होतं. पुढचं ऑइल : १,३५,०००.

दलालाला दाखवलं तर तो हसून म्हणाला, “साहेब, आजकाल सगळेच मीटर मागे करतात. गिऱ्हाइकाला कमी रनिंगच पाहिजे असतं.”

मला राग आला. पण घरी येताना वाटलं, हा माणूस अर्धं खरंच बोलला. जाहिरात पाहताना मी स्वतः काय करत होतो? ‘एक लाखाच्या आत’ असा चाप लावूनच गाड्या शोधत होतो. दीड लाख, दोन लाख लिहिणाऱ्या प्रामाणिक माणसाची गाडी मी पाहतही नव्हतो. खोट्याला गिऱ्हाईक मीच होतो.

मग तो चाप काढला आणि हडपसरची गाडी सापडली. २०१२ चं मॉडेल, एकच मालक, दोन लाख बारा हजार किलोमीटर, एक लाख पंच्याऐंशी हजार रुपये.

मालक औषधांच्या व्यवसायातले, पन्नाशीचे गृहस्थ. अब्बांना पाहताच म्हणाले, “या चाचा, बसा. आधी चहा घेऊ, मग गाडी.” अब्बा म्हणाले, “साहेब, आधी गाडी. गरम केली नाही ना?” त्यांनी केली नव्हती. अब्बांनी फोनवर तेवढंच सांगितलं होतं की आम्ही सकाळी सातला येतो, तोवर सेल्फ मारू नका. डिझेल गाडीचा खरा स्वभाव थंड इंजिनातच कळतो. तासभर आधी चालवून ठेवलेली गाडी कोणाचीही लगेच सुरू होते.

पहिल्या सेल्फला सुरू झाली. उस्तादांनी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून पाहिलं. झाकण उडत असेल, भसाभस धूर येत असेल तर रिंगा गेल्या असं समजायचं. झाकण जागेवर थरथरत राहिलं. मग मागे उभं राहून रेस द्यायला सांगितली. निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही येत राहिला तर पाण्याची भानगड असू शकते. इथे जरासा काळा आला आणि विरला. “एक इंजेक्टर थकलाय,” उस्ताद म्हणाले.

मालक म्हणाले, “दोन नंबरचा. मला माहितीय. क्लचही शेवटचा आहे, मी मुद्दाम केला नाही, कारण विकायची होती. एवढा खर्च धरूनच किंमत सांगितली आहे.” आणि त्यांनी एक जाड फाइल समोर ठेवली. तेरा वर्षांची बिलं. प्रत्येक ऑइल, प्रत्येक फिल्टर, प्रत्येक टायर. २०१२ ते २०२० दर आठवड्याला पुणे-कोल्हापूर-पुणे. कोविडनंतर कमी.

अब्बांनी फाइल बराच वेळ चाळली. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो, पण आकडे नीट कळतात. परत देताना ते एवढंच म्हणाले, “ऐब सांगून विकताय. आजकाल कोण करतं?” आमच्याकडे हा धंद्याचा मूळ नियम आहे. मालात खोट असेल तर विकणाऱ्याने ती झाकायची नाही, घेणाऱ्याने विचारायची वाट पाहायची नाही. नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे. पाळणारा मात्र आम्हाला त्या दिवशी हडपसरला भेटला, आणि तो आमच्या मशिदीतला नव्हता.

गाडी घेऊन आम्ही सासवड रस्त्याने दिवे घाटात गेलो. मधल्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये क्लच घसरत होता. इंजिन ओरडायचं, गाडी त्या मानाने पुढे जायची नाही. पण टर्बोचा आवाज साफ, स्टिअरिंग सरळ, ब्रेक पक्के. घाटमाथ्यावर अब्बांनी स्वतः चालवायला घेतली. बऱ्याच वर्षांनी ते चाकामागे बसले होते. उतरताना त्यांनी एकदाही उगाच ब्रेक मारला नाही, गिअरवर गाडी उतरवली. मी शेजारी बसून त्यांच्याकडे बघत होतो. त्या क्षणी मी मनात गाडी घेतली होती.

घरी आल्यावर उस्तादांनी कागदावर खर्च लिहून दिला. क्लच चौदा हजार. इंजेक्टर बारा हजार. चार टायर सोळा हजार, कारण टायरच्या बाजूवर छापलेले चार आकडे, म्हणजे कितवा आठवडा आणि कोणतं साल, सांगत होते की टायर सात वर्षांचे आहेत. खालचे बुश वगैरे सहा हजार. अठ्ठेचाळीस हजार झाले. वर वर्षाचा थर्ड पार्टी विमा चार हजारांच्या आसपास, सर्व्हिसिंग सात हजार. आणि २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण. मग संगम पुलाजवळच्या आरटीओत फेरनोंदणीसाठी तपासणी आणि पर्यावरण कर. गाडी पास झाली तर पुढची पाच वर्षं.

मी म्हणालो, “पण डिझेलमध्ये वाचतील ना उस्ताद.”

त्यांनी विचारलं, “महिन्याला किती चालवणार?”

हा प्रश्न मला दोन महिन्यांत कोणीच विचारला नव्हता. मीही स्वतःला विचारला नव्हता. मी सगळ्यांना एकच विचारत होतो, गाडी किती चालली आहे.

हिशेब केला. डायलिसिसच्या महिन्याला तेरा फेऱ्या, जाऊन-येऊन बारा किलोमीटर, म्हणजे दीडशे. दोन महिन्यांतून एकदा बहिणीकडे सोलापूरला, जाऊन-येऊन पाचशे. सरासरी चारशे किलोमीटर. २०२५ मध्ये पुण्यात पेट्रोल साधारण १०४ रुपये होतं, डिझेल ९१. पेट्रोल गाडी चौदाचं ॲव्हरेज देईल, डिझेल अठराचं. किलोमीटरला वाचले दोन रुपये पस्तीस-चाळीस पैसे. महिन्याला साडेनऊशे. वर्षाला साडेअकरा हजार. म्हणजे क्लच आणि इंजेक्टर या दोनच कामांचा खर्च निघायला सव्वादोन वर्षं. कोल्हापूरवाल्या मालकांचे त्याच हिशेबाने महिन्याला चार-साडेचार हजार वाचत होते. त्यांच्यासाठी ती गाडी योग्य होती. तीच गाडी, तेच इंजिन, माझ्या हातात आली की चूक.

आणि नुसती पैशांची चूक नाही. उस्तादांनी समजावलं ते असं. डिझेल इंजिन तापायला वेळ लागतो. सहा किलोमीटर गर्दीतून जायचं, थांबायचं, परत सहा किलोमीटर. इंजिन धड तापायच्या आत बंद. जळलेल्या धुराचा काही भाग परत इंजिनात फिरवणारी जी व्यवस्था असते, तिच्यात काजळी साचत जाते. लांब पल्ल्याला ती बऱ्यापैकी आटोक्यात राहते, गावातल्या गावात तुंबते. “ही गाडी दोन लाख चालली म्हणून ठीक आहे,” ते म्हणाले, “रोज सहा किलोमीटर चालली असती तर कधीच भंगारात गेली असती.”

धुराचंही सांगितलं पाहिजे. डिझेल गाड्यांसाठी रांगा लागल्या होत्या त्याच वर्षी, जून २०१२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकला. ती बातमी तेव्हा मी वाचल्याचं आठवत नाही. पेट्रोल महागल्याची आठवते. आता गोळीबार मैदानाच्या सिग्नलला, शेजारी स्कूटरवर आईच्या पुढ्यात उभं असलेलं लहान पोर, आणि त्याच्या तोंडापाशी माझ्या थकलेल्या इंजेक्टरचा काळा धूर. अम्मीसाठी घेतलेल्या गाडीचा हाही हिशेब होता, तो फक्त माझ्या कागदावर येत नव्हता.

तरीही मी अडून होतो. म्हटलं, पैसे जाऊ देत, इंजेक्टर बदलून घेऊ, पण अम्मी पावसात उभी राहायला नको. रिक्षाला मीटरने पहिल्या दीड किलोमीटरला पंचवीस आणि पुढे किलोमीटरला सतरा, म्हणजे एका फेरीचे शंभर-एकशे दोन. रिक्षा गाडीपेक्षा स्वस्त आहे हे मलाही दिसत होतं. पण प्रश्न स्वस्ताचा नव्हताच.

तेव्हा बायको म्हणाली, “अम्मींना विचारलंत का?”

नव्हतं विचारलं. दोन महिने तीन पुरुष बोनेटमध्ये डोकं घालून बसले होते. जिच्यासाठी गाडी घ्यायची तिला कोणी त्यात बसवूनही पाहिलं नव्हतं.

हडपसरच्या मालकांना मी संकोचत फोन केला. ते म्हणाले, “अहो, आणतो ना मी.” शुक्रवारी डायलिसिस संपायच्या वेळी ते स्वतः गाडी घेऊन कॅम्पमध्ये आले. अम्मीला मागच्या सीटवर बसवलं. सीट खोल होती, बसताना तिला माझ्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. काचा बंद, एसी चालू. सिग्नलला गाडी उभी राहिली की डिझेल इंजिनाची बारीक थरथर पायापासून डोक्यापर्यंत जाणवायची. लुल्लानगरच्या अलीकडे ती म्हणाली, “काच खाली कर.” घरी पोचलो तेव्हा उतरताना आम्ही दोघांनी मिळून तिला उचललं. तिने मालकांना दुआ दिली, “बेटा, तुमची गाडी छान आहे.” ते गेले.

रात्री ती मला म्हणाली, “रिक्षात मी दांडा धरून स्वतः चढते. हवा लागते, मळमळत नाही. मला गाडी नको. मला फक्त उभं राहायला नको.”

‘मला फक्त उभं राहायला नको.’ एवढीच तिची अडचण होती, आणि ती सोडवायला मी दोन लाखांचं इंजिन शोधत होतो.

अब्बा दुसऱ्या दिवशी आमच्या कोपऱ्यावरच्या स्टँडवर गेले. ड्रायव्हर ड्रायव्हरशी बोलतो तसे बोलले. एका रिक्षावाल्याशी ठरलं. तिन्ही वारी तोच सोडणार, तोच आणणार. फाटकापाशी दहा मिनिटं आधी उभा. दिवसाचे अडीचशे. तेरा दिवसांचे सव्वातीन हजार. पाऊस असला की तो दोन्ही बाजूंचे पडदे लावून ठेवतो. स्पीडब्रेकरला जवळजवळ थांबतो, कारण धक्क्याने अम्मीचा पट्टीचा हात दुखतो, हे त्याला तिसऱ्याच दिवशी कळलं. आता तो तिला ‘खाला’ म्हणतो.

हडपसरला मी स्वतः जाऊन नाही म्हणून सांगितलं. वाईट वाटलं. प्रामाणिक माणसाला नकार देणं दलालाला नकार देण्यापेक्षा कितीतरी जड जातं. त्यांनी विचारलं, “चाचांना आवडली होती ना?” मी हो म्हणालो. महिन्याभराने त्यांचा फोन आला. फलटण-पुणे रोज ये-जा करणाऱ्या एका माणसाने गाडी नेली. क्लच करून घेतला. मला खरोखर बरं वाटलं. ती गाडी जिथे जायला हवी होती तिथे गेली.

वाचणाऱ्यांपैकी कोणी अशीच गाडी बघत असेल तर माझा सल्ला उस्तादांचाच आहे. मोठ्या आकड्याला घाबरू नका, छोट्या आकड्याला घाबरा. बिलं मागा, थंड गाडी सुरू करून बघा, घाटात न्या. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर रस्ता तुडवणार असाल तर बिनधास्त घ्या. नाहीतर जे वाचणार म्हणता ते वाचत नाही. आणि गाडीत जो बसणार आहे त्याला आधी बसवा.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडलेली नाही. अम्मीला खरंच रिक्षा बरी वाटते, की तिने आमचे पैसे वाचवले? एकदा विचारलं तर म्हणाली, “दोन्ही एकच आहे रे.” अब्बा कधीकधी संध्याकाळी गॅलरीत उभे राहून खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकतात आणि कोणती डिझेल ते न बघता सांगतात. दिवे घाटातल्या त्या उताराबद्दल ते काही बोलत नाहीत. पुढच्या वेळी सोलापूरला जाताना एक दिवसाची गाडी भाड्याने घ्यावी, आणि चावी त्यांच्या हातात द्यावी, असं माझ्या मनात आहे.